प्रेमास या कार्यालयाची हरकत नाही

मी प्रेमकादंबरी लिहिली यात माझा काहीही वाईट हेतू नव्हता. हे वाक्य गेल्या वर्षभरात मी बायकोला, साहेबांना आणि काठी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या एका वृद्ध गृहस्थांना इतक्या वेळा ऐकवलंय, की आता मला कोणी झोपेतून उठवलं तरी मी आधी तेच म्हणेन आणि मग चष्मा शोधेन.

माझं नाव सुशील निनावे. ज्याचं आडनावच निनावे आहे, त्याला आपलं नाव कशावर तरी छापून यावं असं वाटलं तर त्यात लोकांना हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही. आजवर ते फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं, आणि तिथेही 'निनवे' असं. मी सरकारी नोकर आहे. खात्याचं नाव सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे येईल, पण त्यात माझा दोष नाही एवढं आधीच सांगून ठेवतो.

कादंबरीचं नाव 'उमरेडचा थांबा'. नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जी नॅरोगेजची छोटी गाडी जायची, त्या गाडीत रोज भेटणाऱ्या दोन माणसांची गोष्ट. सौरव उमरेडला उतरतो, रमा पुढे भिवापूरच्या शाळेत शिकवायला जाते. सगळी कादंबरी मी मोबाईलवर एका बोटाने टाइप केली. रमा हे नाव निवडलं, कारण एका बोटाला ते सोपं पडतं. याखेरीज त्या नावामागे काहीही नाही. हे तुम्ही तरी लक्षात ठेवा. बाकी कोणी ठेवलं नाही.

पहिली बातमी अर्थातच बायकोला दिली. दीपमाला मेथी निवडत बसली होती.

"मी एक कादंबरी लिहिली," मी म्हणालो.

"बरं केलं. कूलरमंधे पाणी टाकलं का?"

"प्रेमकथा आहे."

मेथीची काडी हवेतच थांबली. "कोणाची?"

"कोणाची म्हणजे? काल्पनिक आहे. सौरव आणि रमा."

"रमा कोण?"

"अवं, कोणीच नाही. मनातली आहे."

"असं," दीपमाला म्हणाली. "म्हणजे मनात आहे."

मराठी भाषेत एका प्रत्ययाने माणसाचा संसार कसा हलतो याचा तो माझा पहिला अनुभव. मी समजावून सांगू लागलो की लेखकाच्या मनात पुष्कळ माणसं असतात. त्यावर तिने विचारलं, त्यात बायका किती. मग जरा थांबून म्हणाली, "लग्नाच्या आधी तुम्ही उमरेडलेच होते ना पोस्टिंगले?"

होतो. उमरेडला असताना मी फायली आणि डास यांखेरीज कोणाच्याही सहवासात नव्हतो. पण हे सिद्ध कसं करणार? फायली बोलत नाहीत आणि डासांची साक्ष चालत नाही. दीपमाला पुन्हा मेथीकडे वळली. ती इतकी बारीक निवडली गेली की त्या दिवशी भाजीत नुसती पानं होती, आणि वाढताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

ऑफिसात मी हे कोणाला सांगणार नव्हतो. पण आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, अंकुश यांना माणसाच्या चेहऱ्यावरून प्रकरण ओळखता येतं. त्यांनी चहाच्या टपरीवर मला घेरलं.

"पुस्तक छापून राहिले म्हणे साहेब? परवानगी घेतली का?"

"ललित लेखनाला परवानगी लागत नाही, अंकुशजी. नियमात तसं आहे."

"आहे ना, मी कुठं नाही म्हणतो? पण ते ललित आहे का नाही, हे कोण ठरवन? ते ठरवाले परवानगी लागते."

झालं. अर्ज केला. सोबत हस्तलिखिताची प्रत जोडायची होती. ती अंकुशजींच्या टेबलावर गेली आणि तिथून त्या कादंबरीवर शेरे येऊ लागले. आमच्या खात्यात धरण फुटलं तरी फाईल इतक्या बारकाईने कोणी वाचत नाही. (धरण हे मी उदाहरण म्हणून म्हटलं. त्यावरून खातं ओळखू नये.) पहिला शेरा: नायक शासकीय सेवेत असूनही त्याचे पदनाम नमूद नाही. दुसरा शेरा त्याहून भारी होता. सहाव्या प्रकरणात सौरव आणि रमा दुपारी तलावाच्या काठी भेटतात. अंकुशजींनी कॅलेंडर काढून पाहिलं असावं. 'सदर दिवशी बुधवार असून कार्यालयीन वेळ आहे. नायकाची रजा मंजूर होती काय?'

मी वाद घातला. म्हटलं, प्रेम रजा पाहून होत नाही. अंकुशजी म्हणाले, "प्रेम नाही होत साहेब, पण पगार तं रजा पाहूनच होते ना?" शेवटी मी शरण गेलो. आता त्या प्रकरणात, सौरव रमाचा हात हातात घेतो त्याच्या बरोबर आधी, असं वाक्य आहे: 'सौरवने त्या दिवशी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली होती आणि ती रीतसर मंजूरही झाली होती.' ते पान आलं की मी अजून डोळे मिटून उलटतो.

मग पत्र आलं. 'सदर कादंबरीतील प्रेमास या कार्यालयाची हरकत नाही. मात्र सदर प्रेमाचा संबंध कोठेही या खात्याशी जोडण्यात येऊ नये.' खात्याचं नाव मी का घेत नाही, ते आता कळलं असेल.

प्रकाशक मिळाले महाल भागातले नत्थूजी. त्यांचा छापखाना वडिलोपार्जित, आणि धंदा लग्नपत्रिकांचा. कादंबरी त्यांनी आजवर छापली नव्हती, पण मंदीच्या महिन्यांत मशीन बसून राहते म्हणून ते तयार झाले. त्यांनी हस्तलिखित घरी नेलं, वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी अतिशय दुःखी चेहऱ्याने मला बोलावून घेतलं.

"साहेब, याच्यात लगन नाही होत?"

"नाही होत."

"कोणाचंच?"

"नाही."

"माह्या छापखान्यातून आजलोक एकही जोडी बिना लग्नाची बाहेर नाही पडली," ते म्हणाले. "शेवटच्या पानावर एक छोटीशी पत्रिका टाकून देऊ का? कागद माह्याकडून."

मी ठामपणे नाही म्हणालो. माझ्या साहित्यिक आयुष्यातला तो एकमेव ठाम क्षण, म्हणून नोंदवून ठेवतो. बाकी ठिकाणी नत्थूजींच्या सवयी जिंकल्या. पहिल्या प्रुफात मुखपृष्ठाच्या वरच्या बाजूला 'श्री गणेशाय नमः' आणि आतल्या पानावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आपोआप पडलेलं होतं. लेखकाच्या नावाखाली 'आपले विनीत' होतं. ते सगळं मी काढायला लावलं. प्रुफं दोनदा डोळ्यांत तेल घालून तपासली. एकही चूक ठेवली नाही. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, कारण पुढे जे झालं ते पाहून तुम्ही माझ्या शुद्धलेखनावर शंका घ्याल.

प्रकाशनाची तारीख ठरली. सीताबर्डीतल्या एका वाचनालयाचं सभागृह कसंबसं मिळालं. प्रमुख पाहुणे म्हणून जितेंद्र बोरघरे नावाचे मराठीचे प्राध्यापक यायला कबूल झाले. निमंत्रणं गेली. ती नत्थूजींनी छापली असल्यामुळे अर्ध्या नातेवाइकांना वाटलं आमच्याकडे लग्न आहे, आणि ते कोणाचं हे विचारायला फोन येऊ लागले. त्या फोनांना दीपमाला उत्तर द्यायची, "यांचंच आहे. रमासोबत."

ती चौकशी करत होती हे मला माहीतच नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर यमुताई आणि रामाजी राहतात. दोघंही सत्तरीच्या पुढचे. रामाजी तरुणपणी आखाड्यात उतरायचे, आणि अजूनही जिना चढताना मांडीवर एक थाप मारून घेतात. यमुताईंचं माहेर उमरेडचं, म्हणून दीपमालाने माझ्याकडून ऐकलेली गाडीची, खिडकीची, मास्तरणीची गोष्ट सांगून त्यांना सहज विचारलं, "ताई, तिकडची कोणी रमा तुमच्या माहितीची आहे का वं?"

"मायबाई!" यमुताई म्हणाल्या. "मीच तं आहो."

त्यांचं माहेरचं नाव रमा. लग्नात यमुना झालं.

आता कोणीही समंजस माणूस इथे हसेल आणि विषय संपेल. यमुताई हसल्या नाहीत. त्या लाजल्या. संध्याकाळपर्यंत आख्ख्या अपार्टमेंटला कळलं की वरच्या सुशीलने खालच्या यमुताईंवर प्रेमकादंबरी लिहिली. दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून वर आल्या, आणि माझ्या हातात मुरमुऱ्याच्या चिवड्याचा डबा ठेवून दुरुस्त्या सुचवू लागल्या.

"सुशील, रमा गोरी आहे असं लिहिलं ना बाप्पा? गोरीच होती मी तवा. आन् मास्तरीण नको करू. आमचं किराण्याचं दुकान होतं. आबांनी कधी नोकरी नसती करू दिली."

"ताई, ती तुम्ही नाही."

"हो हो, समजते मले," त्या म्हणाल्या आणि डोळे मिचकावले. "असंच सांगाचं लोकायले."

त्यांच्यामागून, तासाभराने, मांडीवर थाप पडल्याचा आवाज जिन्यातून आला. रामाजी काठी घेऊन दारात उभे.

"कधीपासून चालू आहे?"

"काय, काका?"

"गाडीतलं."

"काका, ती गाडी बंद झाली."

"बंद कधी झाली ते नाही इचारून राहिलो. चालू कधी झालं ते इचारून राहिलो."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, माझी जन्मतारीख सांगितली. यमुताई लग्न होऊन नागपूरला आल्या तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, हे बोटांवर मोजून दाखवलं. त्यांना गणित पटलं. पण पटूनही ते उठेनात. काठीची मूठ फिरवत म्हणाले, "मंग तुले कसं मालूम, यमुना माहेरी जाताना खिडकीपाशीच बसे म्हणून?"

गाडीत बसणारी नायिका खिडकीपाशी बसणार नाही तर कुठे बसणार? पण तो माणूस थट्टा करत नव्हता.

"नाव बदलव," ते म्हणाले. "ते नाव माह्या घरचं आहे."

मी त्याच पावली महालात गेलो. प्रकाशन दोन दिवसांवर आलं होतं आणि नत्थूजी छपाई सुरू करण्याच्या बेतात होते.

"नाव बदलायचं आहे. रमा कुठंच दिसली नाही पाहिजे."

"एका सेकंदाचं काम आहे साहेब. कम्प्युटर करते. तिच्या जागी कोण बसवू?"

चाळीस नावं सुचली आणि प्रत्येक नावाची एकेक शेजारीण, मावशी किंवा साहेबांची मुलगी डोळ्यांपुढे आली. समोरच्या कपड्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'करिष्मा' लिहिलं होतं. आमच्या नात्यागोत्यात, अपार्टमेंटात आणि आस्थापना शाखेत करिष्मा नावाची एकही बाई नाही, याची खात्री करून मी म्हणालो, "करिष्मा." नत्थूजींनी एक बटण दाबलं. "झालं," ते म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तर्री-पोहे खाऊन घरी आलो. ते शेवटचे पोहे, जे मला गोड लागले.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृहात पुस्तकांचे गठ्ठे थेट छापखान्यातून आले. माझं नाव मुखपृष्ठावर होतं, अचूक. मी भरल्या डोळ्यांनी पहिलं पान उघडलं.

'नेहमीप्करिष्माणे सौरव फलाट क्करिष्मांक एकवर उभा होता. गकरिष्मागरम भज्यांचा वास येत होता.'

मला वाटलं चष्मा खराब झाला. पान उलटलं. 'खोलीचे भाडे मागायला घकरिष्मालक दारात उभा होता.' पुढे एका भावुक प्रसंगी सौरव पकरिष्मात्म्याला हात जोडत होता.

कम्प्युटरने सांगितलेलं काम इमानाने केलं होतं. र आणि मा ही अक्षरं जिथे जिथे शेजारी बसलेली सापडली, मग ती घरमालकात असोत की परमात्म्यात, तिथून त्याने रमाला उठवून करिष्माला बसवलं होतं. आणि मराठीत 'प्रमाणे' हा शब्द किती वेळा येतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मी नत्थूजींना एका खांबाआड ओढलं. "हे काय केलं?"

त्यांनी शांतपणे वाचलं. "तुमीच म्हणाले ना साहेब, कुठंच दिसली नाही पाहिजे?"

"अहो पण घरमालकात कुठे होती ती?"

"होती ना. र, मा. पाहा." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "नीट पाहिलं तं सगळीकडेच होती."

कार्यक्रम रद्द करावा म्हणून मी मंचाकडे धावलो, तोवर प्राध्यापक बोरघरे बोलायला उभेही राहिले होते. समोर पहिल्या रांगेत यमुताई, रामाजी, अंकुशजी आणि टोकाला दीपमाला. मी खुर्चीत बसलो आणि जमीन दुभंगायची वाट पाहिली. बोरघरे सरांनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "मित्रहो, सकाळी छापखान्यातून ही प्रत हातात आली आणि मी हादरलो."

मी डोळे मिटले.

"प्रेम म्हणजे काय? प्रेमात पडलेल्या माणसाला जग कसं दिसतं? आजवर आपण नुसतं वर्णन वाचलं. निनावे यांनी ते भाषेच्या शरीरातच घडवून दाखवलं! सौरवला फलाटाच्या क्रमांकात करिष्मा दिसते. भज्यांच्या वाफेत करिष्मा दिसते. भाडं मागायला आलेल्या घरमालकात, खुद्द परमात्म्यात तीच दिसते! नेहमीप्रमाणे हा साधा शब्दसुद्धा तिच्याशिवाय त्याला उच्चारता येत नाही! ही मराठी कादंबरीतली एका प्रेयसीची सर्वांत मोठी घुसखोरी आहे!"

टाळ्या. मग माझी पाळी. मी ठरवलं, खरं सांगायचं. माइक धरला आणि म्हणालो, "ही छपाईची चूक आहे. कम्प्युटरने केली. मला यातलं काहीही सुचलेलं नाही."

सभागृह हसलं. बोरघरे सर पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा विनय!" पुन्हा टाळ्या. मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी लोक उभे राहिले.

वर्षभर मी एकच सांगत होतो की रमा खोटी आहे, आणि कोणी विश्वास ठेवला नाही. आता करिष्मा चुकीची आहे म्हणून सांगतो, तर त्यावरही कोणी ठेवत नाही. एका वर्तमानपत्रात लांबलचक परीक्षण आलं. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये म्हणे 'नेहमीप्करिष्माणे' असं एकमेकांना लिहायची टूम निघाली. पहिली आवृत्ती संपली. मी नत्थूजींना म्हटलं, दुसरीत सगळं नीट करू. त्यांनी कानाला हात लावला. "साहेब, नीट केलं तं कोण घेईन?"

यमुताई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग जिन्यात गाठून म्हणाल्या, "रमाले सोडून करिष्मा? असा कसा रे तू?" रामाजी मात्र हल्ली मला दुरूनच नमस्कार करतात. ऑफिसात अंकुशजींनी खुलासा मागवला. परवानगी रमासंबंधी देण्यात आली होती, करिष्मा हे स्वतंत्र प्रकरण असून त्यासाठी नव्याने ना-हरकत घेणं आवश्यक होतं, ते का घेतलं नाही. खुलाशात काय लिहावं मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्यात मला एकच गोष्ट खरोखर लागली. ती कोणापाशी बोलायची सोय नव्हती. पुस्तकाबद्दल जो तो बोलत होता, पण सौरव आणि त्या मुलीचं काय झालं हे कोणी विचारत नव्हतं. बोरघरे सरांनासुद्धा मी हळूच विचारलं, शेवट कसा वाटला? ते म्हणाले, शेवट गौण आहे.

परवा रविवारी संध्याकाळी मी गॅलरीत कूलरची जाळी धूत होतो. दीपमाला आत पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. प्रकाशनानंतर आमच्या घरात ते पुस्तक कोणी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. मी जाळी घासत राहिलो. ती पान उलटायची तेवढा आवाज यायचा. बऱ्याच वेळाने तो आवाज थांबला आणि ती गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. पुस्तकात बोट घातलेलं होतं.

"गाडीचा शेवटचा दिवस असते," ती म्हणाली. "तो उतरते. काहीच बोलत नाही. गाडी हलते. तिले मालूम आहे की आता पुन्हा नाही दिसणार तो. मंग हाक काहून नाही मारत ते पोरगी?"

मी जाळी खाली ठेवली. साबणाचं पाणी पायांवर वाहत होतं. लेखक म्हणून मला उत्तर माहीत असायला हवं होतं.

"मले नाही माहीत," मी म्हणालो.

"तुमालेच नाही माहीत?"

"नाही. मी लय विचार केला. ते मारतच नव्हती."

मला वाटलं आता रमाचा विषय निघणार, उमरेड निघणार, मी मनातल्या मनात पोस्टिंगच्या तारखा जुळवू लागलो. पण तिने पदराने डोळ्यांचा कोपरा टिपला आणि रागानेच म्हणाली, "गाढव आहे तो. एवढी दोन वर्षं सोबत गेली, तं यानं एक शब्द बोलाव ना. सगळं तिनंच बोलाव का?"

"हो," मी म्हणालो. "गाढवच आहे."

"आन् तेही तसलीच."

ती आत गेली. मी तिथेच उभा राहिलो, ओल्या पायांनी, जाळी हातात न घेता. इतक्या टाळ्या पडल्या होत्या तेव्हा जे वाटलं नव्हतं ते आता वाटत होतं: माझी गोष्ट कोणीतरी वाचली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग थांबला.

"अहो," दीपमालाने हाक मारली. "जेवायले येता ना?"

"आलो," मी म्हणालो, आणि लगेच गेलो.